सोळा नंबरचा जोड

मी बोलतोय, पायताणाचा जोड. चालताना मी करकरतो. लोक त्याला आवाज म्हणतात, आज तुम्ही बोलणं म्हणा. आधीच सांगून ठेवतो, माझं बोलणं गोड नाही. आयुष्य दारात काढलं की आतलं सगळं ऐकू येतं, आणि सगळं ऐकलेल्याच्या तोंडात साखर राहत नाही.

माझा जन्म कोल्हापुरातला, सन एकोणीसशे शहात्तरचा. कातडं म्हशीचं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवलेलं. आकारामनं रापीनं मला कापलं आणि त्याच्या बायकोनं, विठाबाईनं, कातड्याच्याच वादीनं शिवलं. अंगात एक खिळा नाही. तळाच्या दोन थरांमध्ये तिनं कसलंसं रानातलं बी दाबून बसवलं. त्या बीला आमच्याकडं विंचू म्हणतात. मी करकरतो तो त्याच्यामुळं. माझ्यासारखे जोड पुढं बाजारात जातात आणि तिथं त्यांना दुकानाचं नाव लागतं. आकाराम-विठाबाईचं नाव कुठल्याच पाटीवर कधी आलं नाही. मी मात्र बाजारात गेलोच नाही.

मला ज्याच्यासाठी शिवलं तो मावुत. आफ्रिकेतल्या सुदानच्या दक्षिण भागातला, डिंका लोकांतला. घराणं गुराख्यांचं, बापाच्या दावणीला शंभरावर गुरं. शिष्यवृत्ती मिळवून तो कोल्हापूरला शेतकी कॉलेजात शिकायला आला होता. गुरांचा डॉक्टर व्हायचं हे त्यानं लहानपणीच ठरवलेलं. पण आधी शेतकीची पदवी, मग पुढचं, असा त्याचा हिशेब होता. उंची सहा फूट अकरा इंच.

तो दारात उभा राहिला तेव्हा आकारामच्या खोलीतला उजेडच गेला.

"आत या की पावणं," विठाबाई म्हणाली.

तो वाकला, तरी कपाळ चौकटीवर आपटलंच. त्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत आडव्या रेघा कोरलेल्या होत्या. पायात टायरचे तुकडे दोरीनं बांधलेले. अख्ख्या कोल्हापुरात त्याच्या मापाचा बूट मिळाला नव्हता. आकारामनं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर त्याचा पाय ठेवायला लावला आणि पेन्सिल फिरवली. अंगठा कागदाबाहेर आला.

"ह्यो पाय हाय का वल्हं?" आकाराम म्हणाला.

"गप बसा," विठाबाई फिसकारली. "पायाला हसू नये. पायावरच आपलं पोट हाय." मग तिनं दुसरा कागद पहिल्याला जोडला.

असा मी जन्मलो. सोळा नंबरचा. त्या दिवसापासून विठाबाई त्याची मावशी झाली.

आता कोल्हापूर. कोल्हापूरनं मावुतला हातावर झेललं, असं हल्ली जो तो सांगतो. मी तेव्हा पायात होतो, म्हणून खरं काय ते मी सांगतो. राजारामपुरीत तीन घरांवर 'खोली भाड्याने देणे' अशी पाटी होती. मावुत फाटकाशी आला की पाटी आत जायची. "कालच गेली हो जागा," म्हणायचे. पोरं मागून ओरडायची, बायका पोरांना आत ओढायच्या. शेवटी मंगळवार पेठेतल्या शमशुद्दीन शिंप्यानं आपल्या दुकानावरची खोली दिली. "बेटा, छत नीची है, सर सँभालना," एवढीच त्याची अट. मंगळवार पेठेतच मावुत मराठी शिकला. म्हणून त्याच्या मराठीत पुस्तक नव्हतं, पेठ होती.

पेठेत संध्याकाळी म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या करून लोकांसमोर धार काढायचे आणि फेसाळ दुधाचा पेला हातात द्यायचे. मावुत तिथं रोज जायचा. दूध पिण्याआधी म्हशी बघायचा. एकदा कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, "लई बघतोयस. काढ बघू धार!"

"आमच्यात कपाळावर रेघा कोरून पोरगा बाप्या झाला की त्यानं धार काढायची न्हाय," मावुत म्हणाला.

सगळा कट्टा हसला. गुराखी म्हणे, आणि धार येत नाही! मावुत हसला नाही. तो केरबा गवळ्याच्या म्हशीजवळ बसला, कासेवर तळवा ठेवला आणि म्हणाला, "ह्या सडाला दगडी हुतीया, आत गाठ हाताला लागतीया. उद्या दुधात गुठळ्या येत्याल."

दुसऱ्या दिवशी दुधात गुठळ्या आल्या. त्यानंतर केरबा जनावराच्या प्रत्येक दुखण्याला आधी शमशुद्दीनच्या माडीखाली उभा राहून हाक मारायचा. माझ्या धन्याची खरी ओळख हीच होती, आणि ती एका गवळ्याला कळली. बाकी गावाला त्याची फक्त उंची दिसली.

ती उंची सगळ्यात आधी हेरली यज्ञेश्वर सरांनी. ते कॉलेजात खेळ शिकवायचे. भला माणूस, पण एका वेडानं झपाटलेला. कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि फुटबॉल. सरांच्या बास्केटबॉलला कुत्रं विचारत नव्हतं. त्यांनी मावुतला मैदानावर नेलं. मला कडेला काढून ठेवलं. तिथून मी जे बघितलं ते विसरणं शक्य नाही. चेंडू त्याच्या हातात लिंबासारखा दिसायचा. तो उडी मारायचा नाही, नुसता वर जायचा, आणि खाली यायला त्याला घाई नसायची. दोन वर्षांत सरांच्या संघानं विद्यापीठाच्या सगळ्या स्पर्धा जिंकल्या. मावुतला खेळ आवडायचा, हे मला कबूल केलं पाहिजे. तो खेळून आला की माझे पट्टे बांधताना शीळ घालायचा.

अठ्ठ्याहत्तर साली मुंबईत खेळाच्या शिक्षकांसाठी शिबिर होतं. तिथं अमेरिकेतल्या एका कॉलेजाचा कोच आला होता, हॉलब्रुक नावाचा. सरांनी त्याला मावुतचा फोटो दाखवला. तिसऱ्या दिवशी हॉलब्रुक कोल्हापुरात हजर. त्यानं मावुतला तासभर पळवलं, उड्या मारायला लावल्या, हाताची वीत मोजली, दात तेवढे बघायचे ठेवले. मग सरांच्या घरी, राजारामपुरीत, चहा झाला.

"तुला काय शिकायचंय?" हॉलब्रुकनं विचारलं.

"गुरांचं डॉक्टर व्हायचंय."

"आमच्याकडं त्याचा मोठा विभाग आहे. गोठाच शंभर गायींचा आहे. तू आमच्यासाठी खेळ, आम्ही तुला शिकवतो. शब्द देतो."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मावुतची पदवी पुरी व्हायला एकच वर्ष उरलं होतं. ते सोडून त्यानं जावं असं सरांनीच सांगितलं. निघायच्या दिवशी स्टेशनवर हार काय, फेटा काय, भाषणं काय! ज्यांनी खोलीच्या पाट्या काढल्या होत्या त्यांतला एक घरमालक हार घेऊन पुढं होता. "आमच्या कोल्हापूरचा वाघ!" म्हणाला. विठाबाई गर्दीत मागं उभी होती. तिला कुणी पुढं येऊ दिलं नाही. मावुतच गर्दी कापत तिच्याकडं गेला.

"मावशी, जातो."

"जातो न्हवं, येतो म्हण," ती म्हणाली.

त्या अमेरिकन कॉलेजाचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की मोठेपणा मिळतो, आणि तो त्यांनी आधीच फुकटात भरपूर मिळवलाय.

पहिल्याच महिन्यात फोटो काढायचे ठरले. संघाचं मोठं चित्र छापून गावभर लावायचं होतं. फोटोवाल्यानं नाटकाच्या सामानातला एक भाला आणला होता आणि ठिपक्यांचं एक कापड. ते मावुतच्या खांद्यावर टाकलं. मग तो खाली बघून म्हणाला, "त्या चपला काढ. अनवाणी पाहिजेस."

"ह्या कोल्हापूरच्या हायत," मावुत इंग्रजीत म्हणाला, पण त्याच ठसक्यात. "माझ्या मावशीनं शिवल्यात. माझ्या गावातसुद्धा मी अनवाणी फिरत नव्हतो. आणि असलं कापड आमच्याकडं कुणी नेसत नाही."

हॉलब्रुक हसून म्हणाला, "लोकांना असंच बघायला आवडतं, पोरा. दोन मिनिटांचं काम आहे."

मावुतनं मला काढलं आणि बाकाखाली सारलं. मला देवळाबाहेर काढतात, घराबाहेर काढतात, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. तिथं आत कुणाचा तरी मान असतो. इथं कुणाचा मान होता? इथं एका शिकलेल्या माणसाचं जनावर करायला मला काढलं होतं. विठाबाईच्या हाताला पडलेल्या घट्ट्यांची शपथ, बाकाखाली मी नुसता धुमसत होतो.

चित्र छापून आलं. खाली लिहिलं होतं की या तरुणानं भाल्यानं सिंह मारलाय. मावुतनं आयुष्यात सिंह मारला नव्हता. त्यानं मारली असली तर गोचिडं, गुरांच्या अंगावरची.

सामने सुरू झाले. मी कपडे बदलायच्या खोलीत, लोखंडी कपाटात असायचो. पण भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायचं. मावुत मैदानात उतरला की ढोल सुरू व्हायचे आणि हजारो माणसं घशातून चमत्कारिक आवाज काढायची. पहिल्या दिवशी मावुत खुशीत परत आला. त्याला वाटलं, कोल्हापुरात पैलवान आखाड्यात उतरला की हलगी वाजते, तसाच हा मान आहे. मग त्याच्या ध्यानात आलं की संघातल्या दुसऱ्या कुणासाठी हा ढोल वाजत नाही. पाचव्या सामन्यानंतर त्यानं कपाटासमोर बसून माझे पट्टे बांधले. शीळ घालायची त्यानं तेव्हापासून सोडली.

आणि शिक्षण? ते ऐकाच. गुरांच्या विभागाचे तास दुपारी, आणि खेळाचा सराव पण दुपारी. "सराव आधी," कोच म्हणाला. मावुतला त्यानं दुसरेच विषय घेऊन दिले. एका वर्गात तंबू कसा ठोकावा हे शिकवायचे. एका वर्गात गाणी ऐकून कोणतं वाद्य वाजतंय ते लिहायचं. मावुत हॉलब्रुकच्या खोलीत गेला. मी पायातच होतो.

"तुम्ही शब्द दिला होता."

"हे वर्ष असं जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू."

"तंबू तर माझी बहीण दहा वर्षांची असल्यापासून ठोकते. मला गाय शिकवा."

"तू संघाला चेंडू मिळवून दे, पोरा. गायी कुठं पळून जात नाहीत."

गोठा मात्र खरंच होता, शंभर गायींचा. मावुत सकाळी उठून मैल-दीड मैल चालत तिथं जायचा आणि कुंपणाशी उभा राहायचा. शेणाचा वास आला की मलाही जरा बरं वाटायचं. पण कुंपणाच्या आत जायचा परवाना त्याला मिळाला नाही. तो त्या विभागाचा विद्यार्थी नव्हता ना!

दुसऱ्या वर्षी पुन्हा भाला आला, पुन्हा कापड आलं. "चपला काढ."

"नाही," मावुत म्हणाला. "सदरा-पँटमध्ये काढा, नाहीतर काढू नका."

त्याला पुढचे तीन सामने बाकावर बसवलं. संघ तिन्ही हरला, तेव्हा मुकाट उतरवलं. तोपर्यंत जानेवारी आला होता. एका सामन्यात तो खाली आला तो दुसऱ्याच्या पायावर; उजवा गुडघा आतून फिरला. डॉक्टरनं सांगितलं, दोन महिने पाय टेकवू नका. कपाटाच्या पलीकडं उभं राहून हॉलब्रुकनं त्या डॉक्टरला जे उत्तर दिलं ते मी या कानांनी ऐकलं.

"गुडघे त्याला दोन आहेत. मोसम मला एकच आहे."

मग गुडघ्यात सुया. सुई टोचली की दुखणं कळत नाही. कळत नाही म्हणून माणूस धावतो. मावुत दोन महिने तसा धावला. संघ शेवटच्या सामन्यापर्यंत गेला, जिंकला, कोचला लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं. मावुतला तेव्हा उचलूनच आणलं होतं, पण नाचवायला नाही. तो बाकावर पडून होता आणि सुजलेला पाय माझ्या पट्ट्यात जात नव्हता.

ऑपरेशनची गोष्ट आज-उद्या करत लांबली. पुढचा मोसम त्यानं बघण्यात घालवला. एक्क्याऐंशी साली पत्र आलं: अभ्यासातली प्रगती समाधानकारक नसल्यामुळं शिष्यवृत्ती बंद. अभ्यासातली प्रगती! तंबूच्या वर्गात तो पहिला आला होता.

परतीचं तिकीट त्याच्या देशाचं होतं. गावाशेजारी नदीकाठी गुरांचा तळ पडला होता. म्हातारा बाप लंगडत येणाऱ्या पोराकडं बघत राहिला. मिठी मारली. आणि मग, बापच तो, लगेच हात धरून त्याला कळपाकडं घेऊन गेला.

"बरं झालं आलास. माझ्या पांढऱ्या बैलाचा खूर सडत चाललाय. तू आता डॉक्टर आहेस. बघ."

मावुत बैलापाशी बसला. खूर हातात घेतला. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं बापालाही माहीत होतं.

"काय शिकवलं त्यांनी तुला?" बापानं विचारलं.

मावुतनं खुरातला चिखल बोटानं काढला आणि खूर पाण्यानं धुतला. बैल आठ दिवसांनी गेला. त्या आठवड्यात मावुतनं यज्ञेश्वर सरांना पत्र लिहिलं: राहिलेलं एक वर्ष मला पुरं करू द्याल का?

कोल्हापूर स्टेशनवर या वेळी हार नव्हते. सर एकटेच आले होते. काठी घेऊन उतरणाऱ्या मावुतला बघून त्यांनी मान खाली घातली. "मीच तुला पाठवला," एवढंच म्हणाले. मग कॉलेजात हेलपाटे घालून त्यांनी त्याला पुन्हा वर्गात बसवलं. त्या बाबतीत मी सरांना मानतो. चूक करणारे पुष्कळ असतात, ती आपली म्हणणारे फार थोडे.

विठाबाई आता एकटी होती, आकाराम वारला होता. मावुतला काही विचारायच्या आधी तिनं पायातून मला काढून घेतलं. मला उलटं केलं आणि तळ बघितला.

"उजवं पायताण बाहेरच्या अंगानं झिजलंय. लेकरा, गुडघा कुणी मोडला तुझा?"

"खेळताना मोडला, मावशी."

"खेळताना एकदा मोडतो. ह्यो मोडल्यावरबी पळवलेला पाय हाय." असं म्हणून तिनं उजव्या तळाला बाहेरून कातड्याचा एक जास्तीचा थर चढवला आणि बोट फिरवून फिरवून तो उतरता केला. दुसऱ्या दिवशी मावुतनं काठी सोडली. अमेरिकेतल्या मोठमोठ्या डॉक्टरांना जे सुचलं नाही ते एका अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाईनं कातडं टोचायच्या आरीनं केलं.

मावुत पदवीधर झाला. राधानगरी भागातल्या एका दूध संस्थेनं त्याला जनावरं तपासायच्या कामावर ठेवलं. चिखलातून, भाताच्या बांधांवरून, गोठ्या-गोठ्यांतून आम्ही फिरू लागलो. पहिले दोन महिने बायका दार लावून घ्यायच्या. मग त्या दारात वाट बघत उभ्या राहू लागल्या.

आणि चौऱ्याऐंशी साली हॉलब्रुक परत आला.

कॉलेजात तेव्हा अकेच नावाचा मावुतच्याच मुलखातला एक विद्यार्थी शिकत होता. वीस वर्षांचा, मावुतपेक्षा दोन बोटं उंच, शेवटच्या वर्षाला. त्याच्या देशात लढाई पेटली होती. घरून पत्र यायचं बंद झालं होतं. सरांकडून नव्हे, दुसऱ्याच कुणाकडून हॉलब्रुकला त्याचा पत्ता लागला. सरांच्याच घरी बैठक ठरली. हॉलब्रुकनं मावुतलाही बोलावून घेतलं होतं. दारात मी आणि शेजारी त्याचे चकचकीत बूट. दार उघडंच होतं.

"मावुत, माझ्या वाघा!" हॉलब्रुक म्हणाला. "तुझ्यासाठी काम आणलंय. इकडचे आणि आफ्रिकेतले उंच मुलगे आमच्यासाठी शोधायचे. चांगला पगार. आणि तुझा गुडघा आम्ही तिकडं नेऊन नीट करू. या पोराला फक्त सांग की आमच्याकडं चांगलं आहे."

मला माझ्या धन्याचा गुडघा माहीत होता. बांध उतरताना तो दात दाबून धरायचा, तेही माहीत होतं. एक शब्द म्हणायचा, 'चांगलं आहे', की पाय बरा होणार होता.

मावुत म्हणाला, "सर, एक कागद द्या. तुमचं अक्षर चांगलं हाय, तुमीच लिवा." आणि तो सांगत गेला, सर इंग्रजीत लिहीत गेले. अकेच शेतकीच शिकेल आणि त्याचे तास सरावाच्या आधी धरले जातील. डॉक्टर नको म्हणाला तर त्याला खेळवायचं नाही. तो मोडला, पडला, तरी पदवी मिळेपर्यंत कॉलेज त्याला काढणार नाही.

"सही करा," मावुतनं कागद पुढं केला.

हॉलब्रुक मोठ्यानं हसला. "असं कागदावर कुणी देत नाही, पोरा. हा विश्वासाचा मामला आहे."

"मग विश्वासानं सही करा."

"तुझ्या मनात कडवटपणा आहे. तुझं झालं नाही म्हणून तू या पोराचं नशीब अडवतोयस."

"मी अडवत न्हाय. दार उघडं हाय. ह्या तीन ओळी खऱ्या असत्याल तर सही कराया काय जातंय? खोट्या असत्याल तर तसं ह्याच्या तोंडावर सांगा."

हॉलब्रुकनं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली आणि टेबलावर ठेवली. सही केली नाही. तेव्हा यज्ञेश्वर सर उठले. सहा वर्षांपूर्वी याच माणसासमोर त्यांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "कोच, चहा झालाय. तुमचे बूट दारात आहेत."

बूट गेले. पण प्रकरण मिटलं नाही. अकेच बाहेर येऊन मावुतवर ओरडला. त्यांच्या भाषेत ओरडला, तरी मला कळलं. "तुला नोकरी आहे, मावशी आहे. मला काय आहे? घर जळालं माझं! माझ्यासाठी ठरवणारा तू कोण?"

"मी ठरवलं नाही. तू आत बसला होतास. तो सही करेना, ते तू बघितलंस. अजून जायचं असेल तर टॅक्सी कोपऱ्यावर असेल."

अकेच कोपऱ्यापर्यंत गेला. टॅक्सी उभी होती. तो तिच्याकडं बघत राहिला, आणि मग उलट्या दिशेनं, वसतिगृहाकडं चालू लागला. त्यानंतर वर्षभर तो मावुतशी बोलला नाही.

गाव मात्र बोललं. एका साप्ताहिकानं छापलं, 'स्वतः अपयशी, दुसऱ्याच्या वाटेत काटे.' चहाच्या गाड्यावर लोक म्हणाले, जळतोय लेकाचा. अहो, ज्याला खोली दिली नाही, ज्याला हार घालून फोटो काढून घेतला, ज्याचा मोडका पाय बघून तोंड फिरवलं, त्याच्यावर आता हेही? गुडघा बरा करून घ्यायची संधी ज्यानं एका परक्या पोरासाठी सोडली, तो जळतोय म्हणे! मला फक्त करकरता येतं, म्हणून त्या लोकांचं वाचलं.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. राधानगरीजवळच्या वाडीत शालूबाईची म्हैस अडली होती. रेडकू आडवं. मावुत दंडापर्यंत हात घालून बसला होता. तेवढ्यात दारात सावली पडली. अकेच. पदवी मिळवून संस्थेत नव्यानं रुजू झालेला, पहिलाच दिवस. शालूबाईला कळावं म्हणून दोघं मराठीतच बोलले.

"माझा राग गेलेला न्हाय," अकेच म्हणाला.

"नसू दे. हात धू."

अकेचनं हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत. तो मावुतशेजारी शेणात गुडघे टेकून बसला. मावुतनं त्याचा हात धरून आत वाट दाखवली. "हितं पाय लागतोय? धर. आता तिच्या कळेबरोबर ओढ. तिनं जोर केला की तू कर, ती थांबली की थांब." दोघांच्या कपाळावरच्या रेघांतून घाम वाहत होता. रेडकू बाहेर आलं, ओलं, जिवंत. शालूबाईनं दोघांच्या तोंडात गूळ घातला. अकेच गूळ चघळत रेडकाकडं बघत राहिला, आणि मावुत शीळ घालू लागला.

मी आता म्हातारा झालोय. तिसरा तळ चढलाय, अंगठ्याचा पट्टा एकदा तुटून जोडलाय. विठाबाईला हल्ली आरीचं टोक दिसत नाही. त्यामुळं यापुढची दुरुस्ती कुणी करेल असं वाटत नाही. या पावसाळ्यात मावुत आपल्या मापाचे रबरी बूट मुंबईहून मागवून घेईल म्हणतोय. घेऊ दे. मला त्याचं दुःख नाही.

जाता जाता तुम्हाला एकच सांगणं. एस.टी.त, बाजारात तो दिसला की तुम्ही त्याला गाठता आणि विचारता, "तुमी अमेरिकेत खेळलासा न्हवं? किती गोल केलासा?" गोल फुटबॉलमध्ये करतात, ते असू दे. पण इतक्या वर्षांत तिकडच्या हजारोंनी आणि इकडच्या शेकडोंनी त्याला हेच विचारलं; त्याला तिथं काय शिकवलं, हे फक्त त्याच्या बापानं विचारलं. पुढच्या वेळी तुम्ही विचारा. नाहीतर वाट सोडा. त्याची म्हैस खोळंबलेली असते.